तीन अटी

पुण्याहून बंगळूरला जाणारा जुना रस्ता धारवाड सोडून हुबळीत शिरण्याआधी एका तळ्याला लगटून जातो. हे उणकलचं तळं. मधोमध विवेकानंदांचा पुतळा, काठावर बाग, आणि गावात आत गेलं की चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराचं देऊळ. कागदोपत्री शहराचं नाव २०१४ पासून हुब्बळ्ळी झालं असलं तरी मराठी माणूस अजून हुबळीच म्हणतो. म्हणण्याला कारणही आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, आणि धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातली मुलं कित्येक वर्षं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना बसत.

तळं मागे टाकून हुबळीच्या दिशेनं थोडं पुढे आलं की विद्यानगर लागतं. इथं रस्त्यालगत एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. पूर्ण नाव बी. व्ही. भूमरड्डी कॉलेज, पण रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘बीव्हीबी’. केएलई संस्थेनं ते १९४७ मध्ये काढलं. २०१५ पासून त्याचं विद्यापीठ झालं आहे. उत्तर कर्नाटकातल्या हुशार मुलाला बेळगाव-धारवाड ओलांडून पुण्याला किंवा मुंबईला जायची गरज पडू नये, म्हणून ते उभं राहिलं. ‘मुलाला’ हा शब्द इथं अगदी शब्दशः घ्यायचा. पहिली वीस वर्षं त्या आवारात मुली शिकायला येतील असं कोणाच्या मनात आलेलं दिसत नाही. आलं असतं, तर इमारती बांधताना निदान एक दार वेगळं ठेवलं असतं. त्या दाराची गोष्ट शेवटी.

१९६८ मध्ये हुबळीतल्या एका डॉक्टरांच्या मुलीनं घरात सांगितलं, मला इंजिनिअर व्हायचंय. तिचं नाव सुधा कुलकर्णी. आज जग तिला सुधा मूर्ती म्हणून ओळखतं. त्या दिवशी घरात काय झालं हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आजीला लग्नाची काळजी पडली: इंजिनिअर मुलीला आपल्या भागात नवरा कोण देणार? इतिहास शिकवणाऱ्या आजोबांना नात इतिहासाकडे वळावी असं वाटत होतं. आईचं म्हणणं, गणित चांगलं आहे तर गणिताची शिक्षिका हो. वडील मेडिकल कॉलेजात प्राध्यापक, त्यांची पसंती डॉक्टरकीला. पण शेवटी ते म्हणाले, तुझं मन सांगतं ते कर.

घरातल्या कोणीही शिकू नको म्हटलेलं नाही, हे पाहण्यासारखं आहे. शीक, पण इतिहास शीक. शीक, पण शिकवण्यासाठी शीक. गणित-भौतिकशास्त्रात डोकं चालणाऱ्या मुलीसाठी त्या काळी एक ठरलेला रस्ता होता. बी.एस्सी. करायची, जमलं तर एम.एस्सी., मग एखाद्या शाळेत किंवा कॉलेजात नोकरी. फळ्यावर पदार्थविज्ञान लिहिणं बाईला शोभत होतं. तेच पदार्थविज्ञान हातात घेऊन मोटार उघडणं, डायनॅमो फिरवणं शोभत नव्हतं. याच शहरात गंगूबाई हनगळांचं घर होतं. बाईनं मैफल मारावी याची हुबळीला सवय होती. बाईनं वर्कशॉपात लेथसमोर उभं राहावं याची नव्हती.

मार्क इतके होते की प्रवेश नाकारणं शक्य नव्हतं. तेव्हा प्राचार्यांनी अटी घातल्या. तीन. एक, कॉलेजात साडी नेसूनच यायचं. दोन, कँटीनमध्ये जायचं नाही. तीन, मुलांशी बोलायचं नाही.

प्राचार्य दुष्ट नव्हते. सुधाताईंनी त्यांच्याबद्दल आदरानंच लिहिलं आहे. शेकडो मुलगे आणि त्यात ही एक पोरगी, काही झालं तर जबाबदारी आपली, एवढाच त्यांचा हिशोब होता. पण त्या तीन अटी कागदावर उतरवून पाहिल्या की एक जुनी गोष्ट आठवते. हाच रस्ता धरून दक्षिणेला बंगळूरपर्यंत जावं लागतं, आणि काळात पस्तीस वर्षं मागे.

*

१९३३. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या यादीत कमला भागवत यांचं नाव सगळ्यात वर होतं. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला पदार्थविज्ञान. ‘ऋतुचक्र’कार दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तेव्हा कमलाबाईंनी तिथं अर्ज करणं म्हणजे घरच्याच वाटेनं जाणं होतं. त्या वर्षी संस्थेच्या संचालकपदी चंद्रशेखर वेंकट रामन आले होते. पदार्थविज्ञानातलं नोबेल मिळून जेमतेम तीन वर्षं झालेली, संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. अर्जाला उत्तर आलं: नकार. कारण, मुलगी.

कमलाबाई वडिलांना घेऊन बंगळूरला गेल्या आणि संचालकांसमोर उभ्या राहिल्या. मी कुठं कमी पडते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. देशात तेव्हा सत्याग्रहाचे दिवस होते, आणि या मुलीनंही दारात ठाण मांडायची तयारी ठेवली होती. अखेर रामन यांनी प्रवेश दिला. अटींवर. त्याही तीनच सांगितल्या जातात. पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, काम पाहून ठरवू. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे तिच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये.

कमलाबाईंनी अटी पाळल्या आणि अपमान लक्षात ठेवला. श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली त्यांनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपताना रामन यांचं समाधान झालं आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठी उघडलं. १९३६ मध्ये एम.एस्सी., मग केंब्रिज, वनस्पतींतल्या सायटोक्रोम-सीचा शोध, चाळीसेक पानांचा प्रबंध आणि १९३९ मध्ये पीएच.डी. त्या केंब्रिजचीही एक अट होतीच. तिथं १९४८ पर्यंत स्त्रियांना मिळे ती नावापुरती पदवी. विद्यापीठाचे पूर्ण सदस्य म्हणून मिळणारे हक्क त्यात नसत. लग्नानंतर कमला सोहोनी झालेल्या या बाई पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. नीरेवरच्या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. पण म्हातारपणीही, महिला शास्त्रज्ञांच्या एका सभेत बोलताना, त्यांनी रामन यांच्या वागण्याचा उल्लेख केलाच. माणूस थोर, पण या बाबतीत मन लहान, असा त्यांचा निवाडा होता.

*

दार उघडल्यावर आत काय होतं, ही गोष्ट दाराबाहेरच्या भांडणापेक्षा कमी सांगितली जाते. ती सांगायला हवी, कारण पदार्थविज्ञानातली खरी अट तिथं आहे.

१९४० मध्ये त्रावणकोरच्या डोंगरातल्या पीरमेडची एक मुलगी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन त्याच संस्थेत आली. अण्णा मणी. या वेळी खुद्द रामन यांच्याच हाताखाली. रामन यांना हिऱ्यांचं वेड होतं. तीनेकशे हिऱ्यांचा संग्रह त्यांनी जमवला होता, आणि हिरा प्रकाश कसा शोषतो, कसा उत्सर्जित करतो, तापमानाप्रमाणे त्यात काय बदल होतो, हे अण्णा मणी तपासत होत्या. वर्णपट टिपायला छायाचित्राची काच पंधरा-वीस तास प्रकाशात ठेवावी लागे. हिरा अतिथंड ठेवायचा, काच लावायची आणि बसून राहायचं. पुष्कळदा रात्र प्रयोगशाळेतच जाई. कमलाबाईंना रात्रीच्या कामाची जी अट घातली होती, ती अण्णा मणींनी आपण होऊन रोज पाळली. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, प्रत्येकावर एकट्या त्यांचं नाव.

पण त्या प्रयोगशाळेत मुलामुलींनी एकत्र बसून चर्चा करणं रामन यांना खपत नसे. पलीकडच्या खोलीत वाद रंगलेला ऐकू येई आणि आपण त्यात नाही हे कळे. पुढे पुष्कळ वर्षांनी मुलाखतीत अण्णा मणींनी हे सांगितलं, तेही फार तक्रारीच्या सुरात नाही.

इथं थोडं थांबायला हवं. प्रयोगशाळेत पुस्तकापेक्षा जास्त शिकवतं ते बोलणं. आलेख असा का वाकला, तुझ्या यंत्रातला दोष तर नाही ना, अमक्यानं हे आधी करून पाहिलंय का, हे प्रश्न वर्गात कोणी विचारत नाही. ते जिन्यात विचारले जातात, चहाच्या टेबलावर, बशीत सांडलेल्या चहात बोटानं रेघा ओढत. ज्याला कँटीन बंद आणि बोलणं बंद, त्याचा अर्धा अभ्यासक्रम बंद. बंगळूरच्या प्रयोगशाळेतला अलिखित नियम आणि हुबळीच्या प्राचार्यांची दुसरी-तिसरी अट एकच आहे. दोन्ही ठिकाणी शिकायला परवानगी होती आणि शिकण्याच्या खऱ्या जागेला कुलूप होतं.

अण्णा मणींनी ऑगस्ट १९४५ मध्ये प्रबंध सादर केला. संस्थेला तेव्हा स्वतः पदव्या देण्याचा अधिकार नव्हता. पदवी देणार मद्रास विद्यापीठ. विद्यापीठानं सांगितलं, तुमच्याकडे एम.एस्सी. नाही, तेव्हा पीएच.डी. देता येणार नाही. त्यांची बी.एस्सी. ऑनर्स होती, संशोधन शिष्यवृत्ती होती, पाच निबंध होते. नियमात बसत नव्हतं. तो प्रबंध बांधून घेतलेल्या अवस्थेत बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात राहिला. त्यांच्या बरोबरीच्या सुनंदाबाई प्रकाशाच्या विकिरणावर काम करत. त्यांच्याही संशोधनाचं पदवीत रूपांतर झालं नाही, आणि त्या अकाली गेल्या.

त्याच सुमारास राजेश्वरी नावाची म्हैसूर संस्थानातली एक गणिताची एम.एस्सी. संस्थेत संशोधनासाठी आली. तिनं रामन यांना विचारलं तर उत्तर मिळालं, तुझ्याकडे पदार्थविज्ञानाची पदवी नाही. ती विद्युत शाखेकडे वळली, मिशिगनहून १९५३ मध्ये पीएच.डी. घेऊन परतली आणि सूक्ष्मलहरी व अँटेना या विषयांची प्राध्यापक झाली. या राजेश्वरी चॅटर्जी. कमलाबाईंची अडचण बाई असण्याची होती, अण्णाबाईंची एम.एस्सी. नसण्याची, राजेश्वरीबाईंची विषय वेगळा असण्याची. प्रत्येक अट सुटी वाचली तर नियमाला धरूनच वाटते. एका ओळीत ठेवली की त्या दाराला किती कड्या होत्या ते कळतं.

*

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पुणं आहे. पदवीविना राहिलेल्या अण्णा मणी सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. मनात पदार्थविज्ञान होतं, पण हातात आली ती हवामानाच्या उपकरणांची उमेदवारी. १९४८ मध्ये परत येऊन त्या पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून पुणेकर अजूनही त्या इमारतीला सिमला ऑफिस म्हणतात. शिवाजीनगरच्या त्या चौकातून रोज हजारो माणसं जातात. देशाचा पाऊस, वारा आणि ऊन मोजायची यंत्रं इथं एका बाईच्या देखरेखीखाली घडली, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल.

स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे साधी उपकरणंसुद्धा परदेशातून येत असत. अण्णा मणींनी शंभरेक उपकरणांचे आराखडे पक्के करून घेतले, जेणेकरून ती इथल्या कारखान्यात, इथल्या कारागिरांकडून बनावीत. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, अशी त्यांची शिस्त होती. १९५३ पर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, १९५७-५८ मध्ये, त्यांनी देशभर सौरप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. वातावरणातला ओझोन मोजणारं उपकरण घडवलं. थुंबाच्या अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळा उभी करण्यात त्यांचा हात होता. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, आणि १९८० व १९८१ मध्ये भारतातल्या सौरप्रारणाच्या आकडेवारीचे दोन ग्रंथ त्यांनी हाती दिले. आज माळरानावर सौर पॅनेल नाहीतर पवनचक्की उभी करताना ज्या मोजणीवर भरवसा ठेवतात, तिचा पाया या बाईंनी घातला. हे सगळं पीएच.डी. नसताना. बाई असूनही केलं असं कोणी कौतुक केलं की त्या वैतागत. यंत्राला बाई-पुरुष कळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुंबईतही एक बाई होत्या. बिभा चौधुरी कलकत्त्याच्या. तिथं देवेंद्रमोहन बोस यांच्याकडे काम मागायला गेल्या तेव्हा, बाईला देण्याजोगा विषय माझ्याकडे नाही, असं ऐकावं लागलं होतं. हटून बसल्या. मग दोघांनी मिळून डोंगरमाथ्यावर छायाचित्राच्या काचा ठेवून विश्वकिरणांतले नवे कण टिपले. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या काचा मिळेनात आणि काम थांबलं. याच पद्धतीनं पुढे गेलेल्या सेसिल पॉवेल यांना १९५० मध्ये नोबेल मिळालं. बिभाबाई मँचेस्टरहून पीएच.डी. करून आल्या आणि १९४९ मध्ये होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाल्या. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. त्यांचं नाव लोकांपर्यंत पोचायला २०१९ उजाडावं लागलं, आणि तेही एका ताऱ्याला ‘बिभा’ नाव मिळालं म्हणून.

*

आता पुन्हा उणकलच्या बाजूला.

सुधा कुलकर्णीनं तिन्ही अटी मान्य केल्या. साडी नेसली. उत्तर कर्नाटकात त्या वयाच्या मुलीला साडी नवी नव्हती. गंमत अशी की कुठल्याही वर्कशॉपचा पहिला नियम असतो: फिरत्या यंत्राजवळ सैल कपडे नकोत. लेथनं पदर ओढला तर काय होतं हे इंजिनिअरिंग कॉलेजइतकं कोणाला माहीत असणार? तरी अट साडीचीच होती. कँटीनला तिनं पाठ दाखवली. पहिल्या वर्षी वर्गात कागदी विमानं येऊन पडत, त्यांवर बायकांची जागा कुठं असते याबद्दलचं ज्ञान लिहिलेलं असे. वर्ग बुडवायची सोय नव्हती, कारण बुडवला तर वही देणार कोण? तेव्हा तिनं वर्ग बुडवलाच नाही.

त्याच्या थोडं आधी, १९६५ पर्यंत, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात जोसलिन बेल ही वर्गातली एकटी मुलगी पदार्थविज्ञान शिकत होती. ती वर्गात शिरली की मुलं पाय आपटत, शिट्या मारत. तिनं चेहरा कोरा ठेवायचं शिकून घेतलं. १९६७ मध्ये केंब्रिजला, दुर्बिणीच्या कागदावर उमटलेल्या मैलभर रेघांमधून तिनं एक बारीकसा ठिपका शोधला, आणि ठोक्यागणिक स्पंदणारा पल्सर जगाला पहिल्यांदा दिसला. हुबळीची मुलगी इंजिनिअरिंगला गेली त्याच वर्षी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, तो शोध प्रसिद्ध झाला. १९७४ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं, ते तिच्या मार्गदर्शकांना. कागदी विमान असो की ग्लासगोची शिटी, भाषा वेगळी, मजकूर तोच.

बीव्हीबीत पहिल्या वर्षाचा निकाल लागला. सुधा पहिली आली. मग हळूहळू मुलं आपणहून बोलायला आली. कोणाला गणित अडलेलं, कोणाला वही हवी होती. तिसरी अट मोडली, पण मोडणारी ती नव्हती. ज्यांच्यापासून तिला आणि तिच्यापासून ज्यांना जपायचं होतं, त्याच मुलांनी ती मोडली. बोलल्याशिवाय हा विषय शिकता येत नाही, हे त्यांना परीक्षेनं शिकवलं.

१९७२ मध्ये पदवी, राज्यात पहिला क्रमांक, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते सुवर्णपदक. मग बंगळूर, तीच संस्था, जिथं चाळीस वर्षांपूर्वी कमलाबाई दारात उभ्या राहिल्या होत्या. विद्युत संदेशवहन विभागात राजेश्वरी चॅटर्जी आता प्राध्यापक होत्या. सुधा संगणकशास्त्राची एम.ई. करत होती. १९७४ च्या उन्हाळ्यात सूचनाफलकावर टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात लागली: हुशार, मेहनती इंजिनिअर हवेत. खाली एक ओळ होती, स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये. आता अटीसुद्धा उरल्या नव्हत्या, सरळ मनाई होती. तिनं पोस्टकार्ड घेतलं आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहिलं: तुमच्या घराण्यानं देशात पहिल्यांदा इतकं काही केलं, संस्था तुमच्या पैशांनी उभी राहिली, आणि तुमचीच कंपनी असं कसं म्हणते? उत्तरादाखल मुलाखतीचं बोलावणं आलं, जाण्यायेण्याच्या भाड्यासह. मुलाखत पुण्यात. कारखान्यात आजवर बाई आलेली नाही, असं मुलाखत घेणाऱ्यांनी समजावून सांगितलं. कधीतरी सुरुवात करावी लागेल, असं ती म्हणाली. टेल्कोच्या कारखान्यातली पहिली महिला इंजिनिअर म्हणून ती पुण्यात रुजू झाली.

त्याच १९७४ मध्ये पुण्याची एक मुलगी मुंबईच्या आयआयटीतून पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. झाली. रोहिणी गोडबोले. त्या हुजूरपागेत शिकल्या. मुलींची ती नामांकित शाळा, पण त्यांच्या लहानपणी तिथं सातवीला विज्ञानाऐवजी गृहशास्त्र असे. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेला विज्ञान हवं होतं, म्हणून त्यांनी ते वेगळं शिकून घेतलं आणि ती शिष्यवृत्ती मिळवणारी शाळेची पहिली मुलगी ठरल्या. पुढे एस.पी. कॉलेज, आयआयटी, अमेरिकेत स्टोनी ब्रूकहून १९७९ मध्ये कणभौतिकीतली पीएच.डी., मुंबई विद्यापीठात अध्यापन, आणि १९९५ पासून बंगळूरची तीच संस्था. कणांच्या टकरीत फोटॉनचं अंतरंग कसं वागतं यावरच्या कामामुळे त्यांचं नाव जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं.

पण रोहिणीताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. २००८ मध्ये राम रामस्वामींबरोबर त्यांनी ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक संपादित केलं. भारतातल्या शंभरेक स्त्री-शास्त्रज्ञांनी, किंवा त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी, आपापली वाट त्यात सांगितली आहे. कमला सोहोनी आणि अण्णा मणीही त्यात आहेत. मग २०१० मध्ये एक अहवाल आला. त्यात रोहिणीताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपा आणि अवघड प्रश्न विचारला: विज्ञानात पीएच.डी. केलेल्या बायका जातात कुठं? ‘संसार आडवा येतो’ हे हाताशी असलेलं उत्तर पुरेसं नाही, नोकरी देणाऱ्यांनाही विचारलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. पदार्थविज्ञानातलं नोबेल आजवर पाच स्त्रियांना मिळालंय. मेरी क्युरींना १९०३ मध्ये, दुसरं साठ वर्षांनी, तिसरं त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, आणि उरलेली दोन २०२० आणि २०२३ मध्ये. दार आता सताड उघडं आहे असं म्हणणाऱ्यांनी ही वर्षं एकदा मोजावीत.

*

हुबळीच्या त्या घराची आणखी एक बाजू आहे. सुधाताईंचा धाकटा भाऊ श्रीनिवास १९५६ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मला आणि हुबळीत वाढला. दिल्लीची आयआयटी, मग कॅलिफोर्निया. १९८२ मध्ये, अजून विद्यार्थी असतानाच, सेकंदाला सुमारे ६४२ फेऱ्या घेणारा पल्सर शोधणाऱ्या चमूत तो होता. १९९५ मध्ये तपकिरी खुजा तारा पहिल्यांदा खात्रीनं दिसला, त्यातही त्याचा वाटा होता. २०२४ मध्ये त्याला खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार मिळाला. एकच घर, तेच वडील, तेच पुस्तकांचं कपाट. भावाची प्रतिभा वादातीत आहे. पण त्याला कोणत्याही कॉलेजनं काय घालून यायचं, चहा कुठं प्यायचा आणि कोणाशी बोलायचं हे सांगितलं नाही. ज्या पल्सरनं त्याच्या संशोधनाची सुरुवात झाली, तो प्रकार मुळात ज्या मुलीनं शोधला, तिच्या वर्गात मात्र शिट्या वाजल्या होत्या.

आता ते दार. बीव्हीबीत सुधा शिकत होती तेव्हा आवारात बायकांसाठी एकही शौचालय नव्हतं. प्राचार्यांच्या तीन अटी तोंडी होत्या, ही चौथी इमारतीतच बांधलेली होती. ती कोणी उच्चारली नाही. म्हणून तिच्याशी भांडताही येत नव्हतं. साडी नेसता येते, कँटीन टाळता येतं, गप्प बसता येतं. दिवसभर पाणी न पिता मात्र फार दिवस काढता येत नाहीत. आपण खुशाल म्हणतो, मुलींना विषयाची आवड नाही. त्या आवडीआधी पाण्याच्या एका पेल्याचा हिशोब करावा लागला, हे कुठल्या प्रवेशाच्या आकडेवारीत येत नाही.

पुढे सुधाताई इन्फोसिस फाउंडेशनच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या काळात फाउंडेशननं कर्नाटकात हजारो शौचालयं बांधली. त्याचं मूळ या आवारातल्या दिवसांत आहे, असं त्यांनीच सांगितलं आहे.

आज हुबळी-धारवाडच्या रस्त्यावर मधल्या मार्गिकेतून ‘चिगरी’ बस धावते. कन्नडमध्ये चिगरी म्हणजे हरीण. संध्याकाळी कॉलेज सुटलं की या भागात ती भरून जाते. ड्रॉइंगच्या नळकांड्या खांद्याला लावलेल्या मुली दाराशी उभ्या असतात. कोणी जीन्समध्ये, कोणी कुडत्यात. शेजारच्या मुलाशी सर्किटवरून वाद चाललेला असतो, अर्धा कन्नडमध्ये, अर्धा इंग्रजीत, मध्येच एखादा मराठी शब्द. उणकलचा थांबा येतो आणि जातो, वाद संपत नाही.